पालक-ॲप घ्यावं का? सहावी, पट ४२, टॅब ८ : अभ्यास काय सांगतात?

पूर्वभाग_सहावी

नमस्कार मंडळी.

शाळा अनुदानित, सोलापूरच्या पूर्व भागात. सहावीची एकच तुकडी, पट ४२. घरात मराठी बोलणारी १५, तेलुगू २०, उरलेली कन्नड आणि उर्दू. बऱ्याच आया घरी विड्या वळतात, वडील यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात. ३७ घरांत व्हॉट्सॲपचा फोन आहे, पण तो दिवसभर वडिलांच्या खिशात.

देणगीतून ८ टॅब आणि एक मोठा टीव्ही आलाय. आता व्यवस्थापनाला पालक-ॲप (मुलाची प्रगती आणि निरोप पालकांच्या फोनवर दाखवणारं) घ्यायचंय, दर मुलामागे वर्षाला ३६० रुपये. वर्गाचा व्हॉट्सॲप गट आहेच, त्यावर सकाळी फुलं आणि देव, संध्याकाळी कुणाचा तरी हरवलेला डबा.

विचारायचंय ते असं. ॲपने खरंच काही होतं का? नसेल तर पालकांना काय, किती वेळा आणि कसं कळवायचं? आणि ८ टॅबचं ४२ पोरांत काय करायचं? "आमच्याकडे असं केलं, छान झालं" हे प्रशिक्षणात भरपूर ऐकायला मिळतं. ज्यांनी अभ्यास वाचलेत त्यांनी आकड्यांनिशी सांगावं, आणि अशोक चौकाच्या अलीकडे, म्हणजे आमच्या भागात, चालेल असं सांगावं.

---

आकडेमोड

मॅडम, ॲपचं आधी निकालात काढू, कारण नेमका त्यावरच प्रयोग झालाय. वॉशिंग्टन डीसीतल्या माध्यमिक शाळांत बर्गमन, लास्की-फिंक आणि रॉजर्स यांनी जवळपास ७,००० मुलांच्या पालकांचे गट पाडले. सेवा सगळ्यांना एकच : आठवड्यातून एकदा मुलाची प्रगती फोनवर. पहिल्या गटाला सांगितलं, संकेतस्थळावर जाऊन नाव नोंदवा. १ टक्काही आले नाहीत. दुसऱ्याला सांगितलं, आलेल्या एसएमएसला नुसतं उत्तर द्या, नोंदणी झाली. ११ टक्के. तिसऱ्या गटाला थेट यादीत घातलं, नको असेल तर कळवा म्हणाले. ९५ टक्के टिकले, आणि मुलांच्या गुणांत फरक दिसला तो याच गटात.

आता तुमचं ॲप बघा. उतरवून घ्या, ओटीपी टाका, पासवर्ड ठेवा, फोन बदलला की पुन्हा पहिल्यापासून. ओटीपी यायचा वडिलांच्या नंबरवर आणि ॲप उघडायचं आईने. ४२ × ३६० म्हणजे १५,१२० रुपये. एवढे पैसे घालून ३७ घरांचा नंबर तुमच्याकडे आहे ही जमेची बाजू तुम्ही घालवताय. विकणारा सांगेल, अमुक लाख वेळा ॲप उतरवलं गेलं. त्याला विचारा, तिसऱ्या महिन्यात किती पालकांनी उघडलं? त्या उत्तराची वाट बघण्यात वर्ष जातं.

आता काय कळवायचं. वेस्ट व्हर्जिनियात २२ शाळांत बर्गमन आणि चॅन यांनी पालकांना आपोआप जाणारे एसएमएस लावले : किती गृहपाठ राहिले, कुठला तास चुकला, कुठल्या विषयात गुण घसरले. नापास होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं, तासांची हजेरी १२ टक्क्यांनी वाढली. पण राज्याच्या प्रमाणित परीक्षेत सुधारणा दिसली नाही. दुसरी बाजू लपवू नये म्हणून सांगतो. संदेशाने पोरगं वर्गात येतं, वही पूर्ण करतं. भागाकार येत नसेल तर तो संदेशाने येत नाही, त्याला शिकवावंच लागतं.

शब्द कसे असावेत यावर क्राफ्ट आणि रॉजर्स यांचा छोटा अभ्यास आहे. उन्हाळी वर्गातल्या मुलांच्या घरी शिक्षकांकडून आठवड्याला एकच वाक्य. विषय न सुटणाऱ्यांचं प्रमाण १५.८ टक्क्यांवरून ९.३ वर आलं. काही घरी कौतुकाचं वाक्य जायचं, काही घरी "काय सुधारायचं" ते. जास्त उपयोग दुसऱ्याचा झाला. आपल्याकडे उलटं असतं. "आपला पाल्य हुशार आहे पण लक्ष देत नाही" हे वाक्य गेली ५० वर्षं प्रगतिपुस्तकात आहे आणि त्यावर आजवर एकाही पालकाला काही करता आलेलं नाही.

गैरहजेरीसाठी फिलाडेल्फियाचा अभ्यास. तिथे रॉजर्स आणि फेलर यांनी घरी साधी पत्रं पाठवली : तुमचं मूल या वर्षी एकूण इतके दिवस आलं नाही. सतत गैरहजर राहणाऱ्यांचं प्रमाण १० टक्क्यांनी किंवा त्याहून जास्त घटलं. कारण सोपं आहे. पालक आपल्या मुलाच्या दांड्या प्रत्यक्षापेक्षा बऱ्याच कमी धरतात. "इतर मुलांपेक्षा जास्त" असं जोडून वेगळा फायदा झाला नाही, म्हणून तुलना गाळा. "काल आला नाही" याच्याऐवजी "जूनपासून ११ दिवस आला नाही" असं एकूण लिहा.

किती वेळा? सॅन फ्रान्सिस्कोत बालवाडीच्या पालकांना आठवड्याला तीन संदेश जायचे : सोमवारी एक माहिती, बुधवारी एक करायची गोष्ट, शुक्रवारी थोडं पुढचं. त्याचा फायदा झाला. पुढच्या प्रयोगात पाच पाठवले तर सोडून जाणारे पालक वाढले. तुमच्या गटावरचे देव-फुलं धरली तर तुम्ही सध्या दिवसाला पाचच्या वर आहात.

तुमच्यासाठी माझा हिशेब : आठवड्याला एक संदेश प्रत्येक घरी, त्या मुलाचा, त्या मुलापुरता. सूचना वेगळ्या. गट "फक्त ॲडमिन" वर टाका. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

---

टॅब_सातआठ

टॅबवर येतो. आधी एक वाईट बातमी, म्हणजे अपेक्षा जागेवर येतील. पेरूत "प्रत्येक मुलाला लॅपटॉप" योजनेचा अभ्यास झाला, ३१९ शाळा, १५ महिने. गणितात आणि भाषेत फरक नाही. यंत्र दिलं, पण त्यावर काय करायचं ते कुणी ठरवलंच नव्हतं.

दुसरा अभ्यास शेजारच्या गुजरातचा. ज्ञानशाळा नावाच्या संस्थेच्या वर्गांत ली लिंडेन यांनी एकच संगणक-कार्यक्रम दोन तऱ्हांनी वापरून बघितला. शिक्षकाच्या तासाच्या जागी लावला तेव्हा मुलं मागे पडली, ०.५७ प्रमाण विचलनाने (गुणांतला फरक मोजायचं एकक, किती मोठं ते पुढे सांगतो). तासाव्यतिरिक्त वेगळा वेळ दिला तेव्हा पुढे गेली, ०.२८ ने. कार्यक्रम तोच, फक्त घंटा वेगळी. टीव्हीवर व्हिडिओ लावून मागच्या बाकावर ऑनलाइन माहिती भरणारे आपण सगळेच पहिल्या प्रकारात मोडतो.

जिथे नीट चाललं ते बडोदा. बॅनर्जी, कोल, डुफ्लो आणि लिंडेन यांचा २००७ चा लेख : चौथीची मुलं, एका संगणकावर दोघं, आठवड्याला दोन तास, गणिताचे खेळ मुलाच्या पातळीप्रमाणे. दुसऱ्या वर्षी ०.४७ चा फायदा. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात तो बराच ओसरला हेही त्याच लेखात आहे. दिल्लीत माइंडस्पार्क या मुलाच्या पातळीप्रमाणे शिकवणाऱ्या संगणक-कार्यक्रमाचा अभ्यास झाला (मुरलीधरन, सिंग, गनिमियन), ६१९ मुलं, साडेचार महिने, शाळेबाहेर रोज ९० मिनिटं, त्यातली निम्मी संगणकावर आणि निम्मी लहान गटात माणसापाशी. गणितात ०.३७, हिंदीत ०.२३. हे ०.३७ म्हणजे किती? १०० मुलांची रांग धरा. बरोबर मधोमध उभं असलेलं पोरगं १४ जणांना ओलांडून पुढे जातं. साडेचार महिन्यांत हे पुष्कळ झालं.

याच अभ्यासात दिसलं की सहावीतलं मूल गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे असतं. तुमची ४२ मुलं वेगळी निघण्याचं कारण नाही. त्यामुळे सहावीचं पाठ्यपुस्तक टॅबवर दाखवून भागणार नाही. पुस्तकावरच्या क्यूआर कोडची कल्पना आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांनी उचलून धरली, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइजही त्यांना मिळालं. पण सहावीचा कोड सहावीच्याच धड्यावर नेतो, आणि पोरगं चौथीत अडकलेलं असतं. दीक्षावर (सरकारी शैक्षणिक ॲप) तिसरी-चौथीचं साहित्य शोधून आधीच उतरवून ठेवा.

करायचं असं :

पहिला आठवडा फक्त पातळी बघायची. असर या शैक्षणिक पाहणीतली साधी पट्टी पुरते. एकेक मूल जवळ बसवून १ ते ९ ओळखतो का, १० ते ९९ ओळखतो का, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी भागिले एक अंकी. वाचनासाठी अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. एका मुलाला ६ मिनिटं धरली तर ४२ मुलांना सव्वाचार तास लागतात, म्हणजे आठवडाभर रोज एक तास. लेखी चाचणी घेऊन हे होत नाही, शेजारी बघून लिहितात.

मग पातळीप्रमाणे १४-१४ चे तीन गट. एका टॅबवर दोघं, म्हणजे सातच टॅब लागतात. आठवा राखीव ठेवा, कारण एक हमखास बंद असतो. वेळ शाळा भरण्याआधी ४० मिनिटं. सोमवार-गुरुवार पहिला गट, मंगळवार-शुक्रवार दुसरा, बुधवार-शनिवार तिसरा. आठवड्याला ८० मिनिटं होतात. बडोद्यापेक्षा कमी, पण गणिताचा तास शाबूत राहतो. (ही ४० मिनिटं कुणाच्या पगारात बसतात ते ॲप घ्यायला निघालेल्या व्यवस्थापनाला विचारा. १५,१२० रुपये इथे लावता येतील.)

यात मोडतं काय ते सांगतो. टॅब एकाच हॉटस्पॉटवर सोडले की व्हिडिओ फिरत बसतात, म्हणून सगळं आधी उतरवून, मेमरी कार्डवर. जोडीतला एकच पोरगा बोट लावतो, दुसरा बघ्या होतो. दर पाच उदाहरणांनी टॅब सरकवायचा, आणि घड्याळ तुमच्या हातात. आवाज बंद ठेवा, नाहीतर सात टॅबचा गड्डा (आपली संक्रांतीची जत्रा) होतो. मार्चनंतर कपाटात बंद खोलीत चार्जिंगला लावून घरी जाऊ नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटऱ्या फुगतात. सकाळी आल्यावर लावा, माणूस समोर असताना.

आणि एक चूक जवळून बघा. ५२ वजा २७. पोरगं ३५ लिहितं. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. वर-खाली काही बघायचं नाही, मोठ्यातून लहान काढायचं. टॅब लाल फुली दाखवतो आणि पुढचं उदाहरण देतो, पोरगं तिथेही तेच करतं. अशा वीस फुल्या मिळाल्या तरी त्याला कळत नाही की चूक एकच आहे. इथे माणूस लागतो. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या समोर ठेवा आणि म्हणा, सात दे. सुट्या दोनच आहेत. गठ्ठा सोडावाच लागतो. दिल्लीतला निम्मा वेळ माणसापाशी का होता, ते यातून कळतं.

---

दुभाषी

वरच्या ५२ वर थोडं. तेलुगूत ५२ म्हणजे "याभै रेंडु", पन्नास आणि दोन, ज्या क्रमाने लिहितात त्याच क्रमाने. मराठीत "बावन्न". दोन आधी, पन्नास मागून, आणि तेही ओळखू न येणारं. "बेचाळीस" ऐकून २४ लिहिणारं पोरगं गणितात कच्चं असेलच असं नाही, ते भाषेत अडलेलं असतं. त्याला एकदा "चाळीस दोन" म्हणून बघा. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "वीस एक" आणलं तेव्हा केवढा गहजब झाला होता, पण साखर पेठेतल्या पोराला त्याने सोपंच गेलं असतं. पातळी बघताना संख्या तोंडी सांगू नका, लिहून दाखवा. नाहीतर चुकीच्या गटात जाईल.

आता संदेश. तुमच्या पालकांत तीन अडचणी एकावर एक आहेत. मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही. तेलुगू बोलतात पण तेलुगू लिपी येत नाही, शाळा मराठीत झालेली. आणि संदेश वाचून कोण दाखवतं? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तेच पोरगं. "बाई म्हणाल्या उद्या सुट्टी आहे."

म्हणून आवाज. व्हॉट्सॲपवर आवाजी संदेश, २५ ते ३० सेकंद, पहिल्या पाच सेकंदांत मुलाचं नाव आणि तुमची ओळख. एकच गोष्ट सांगायची, दोन सांगितल्या की दोन्ही विसरल्या जातात. भाषांतराच्या यंत्रावर तेलुगू करून पाठवू नका. सोलापूरची तेलुगू ही हैदराबादच्या छापील तेलुगूपेक्षा वेगळी, मराठी मिसळलेली. यंत्राची भाषा सरकारी जाहिरातीसारखी वाटते, आया अर्ध्यात बंद करतात. वर्गातल्या एखाद्या तेलुगू आईला किंवा शाळेतल्या सेविका मावशींना आवाज द्यायला सांगा. "रेपु लेक्कल पुस्तकम् पंपंडि", उद्या गणिताचं पुस्तक पाठवा, एवढं त्यांच्या तोंडून आलं तर घरातलंच कुणी बोलल्यासारखं वाटतं.

पण सगळ्यांसाठीची सूचनाच मावशींच्या आवाजात द्या. एखाद्या पोराचं कच्चेपण तिसऱ्या माणसाला सांगायला लावू नका. त्यासाठी तुम्ही स्वतः मराठीत बोला, सावकाश. बोललेलं मराठी सगळ्यांना कळतं.

वेळ : विड्यांच्या कामात आया सकाळी माल द्यायला आणि पानं-तंबाखू आणायला जातात, दुपारभर वळणं चालू, हात गुंतलेले. वडील आणि फोन घरी येतात रात्री. साडेआठच्या पुढे पाठवा. शाळा सुटल्यावर पाच वाजता पाठवलेला संदेश मागावर वाजतो आणि तिथेच राहतो.

---

पूर्वभाग_सहावी

खूप उपयोगी. तीन शंका. एकेका घरी वेगळा संदेश म्हणजे ४२ वेळा टाइप करायचं का? ज्या ५ घरांत साधा फोन आहे त्यांचं काय? आणि फोन करून शिकवण्याचे प्रयोग झालेत म्हणतात ते काय आहे?

---

कारकून_निवृत्त

टाइप करायचं नाही, ओ मॅडम. गूगल शीट घ्या. रकाने : नाव, फोन, बाकी गृहपाठ, एकूण गैरहजर दिवस, या आठवड्याची एक गोष्ट. पुढच्या रकान्यात हे सगळं जोडून वाक्य तयार करायचं. त्याच्या पुढच्यात हायपरलिंक आणि एनकोडयूआरएल ही दोन सूत्रं वापरून व्हॉट्सॲपचा दुवा बनवायचा, म्हणजे दुव्यावर बोट लावलं की त्या पालकाचं पान उघडतं आणि संदेश आधीच लिहिलेला असतो. आपण फक्त पाठवायचं. एका संदेशाला १० सेकंद धरले तर ३७ घरांना सहा-सात मिनिटं. वाक्य एकदाच बांधायचं, पुढच्या आठवड्यात नुसते आकडे बदलायचे.

बिघडतं ते बहुतेक फोनच्या रकान्यात. नंबराच्या पुढे ९१ लागतो, अधिकचं चिन्ह नको, शून्य नको, मधे जागा नको. प्रवेश अर्जावरून उतरवलेल्या नंबरात यातलं काहीतरी असतंच.

ब्रॉडकास्ट यादीत (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) २५६ जण बसतात म्हणून खूश होऊ नका. ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला नाही त्याला ती जातच नाही, आणि तुम्हाला कळतही नाही. पहिल्या पालकसभेत प्रत्येकाचा फोन हातात घेऊन शाळेचा नंबर साठवून द्या.

दर सोमवारी खुणा बघा. एकच बरोबरची खूण आठ दिवस राहिली तर तो नंबर मेला असं समजा. रिचार्ज संपला की नवं सिम घेणारी घरं आहेत. म्हणून अर्जावर दुसरा नंबर घ्या, मामाचा, शेजारणीचा.

साध्या फोनच्या ५ घरांना एसएमएस. एकगठ्ठा पाठवायचा तर डीएलटीवर (एकगठ्ठा एसएमएससाठीची नोंदणी-व्यवस्था) शाळेची नोंदणी, पाठवणाऱ्याचं नाव आणि संदेशाचा साचा, सगळं आधी मंजूर करून घ्यावं लागतं. ५ घरांसाठी त्या भानगडीत पडू नका, स्वतःच्या फोनवरून पाठवा. फक्त लांबी सांभाळा. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० बसतात, देवनागरीत ७०. आणि काना, मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजलं जातं. "विद्यार्थी" दिसतो तीन अक्षरी, मोजणीत १० होतो. हे बघा :

"रोहितचे गणिताचे ३ गृहपाठ बाकी. वही शनिवारी पाठवा."

४९ होतात. एका एसएमएसमध्ये मावलं. याच्या पुढे "आदरणीय पालक, सस्नेह नमस्कार" लावलं की ७० च्या बाहेर, दोन एसएमएसचे पैसे.

आणि मुलांचे गुण गटावर टाकायचे नाहीत. कुणाचेच नाहीत, पहिल्या नंबरचेही नाहीत. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. ॲपवाल्याला हे विचारलंत का, की मुलांची नावं-गुण कुठे ठेवणार आणि शाळा सोडल्यावर पुसणार का? शीट तुमच्याच खात्यात ठेवा, "दुवा असलेल्या कुणालाही" असं उघडं टाकू नका.

---

आकडेमोड

फोनचं सांगतो. २०२० मध्ये शाळा बंद असताना बोट्सवानात अँग्रिस्ट, बर्गमन आणि मात्शेंग यांनी सुमारे ४,५०० घरांवर प्रयोग केला. काहींना आठवड्याला नुसते एसएमएसने गणिताचे प्रश्न, काहींना एसएमएस आणि शिवाय २० मिनिटांचा फोन. फोनवाल्यांना ०.१२ चा फायदा. नुसत्या एसएमएसचा म्हणण्यासारखा नाही. पुढे हाच प्रयोग भारतासह पाच देशांत झाला, तिथे फोनचा फायदा याहून मोठा निघाला, आणि फोन सरकारी शिक्षकांनी केला तरी तेवढाच.

म्हणजे संदेशाने वर्तन हलतं आणि फोनने गणित, असं ढोबळ धरा.

४२ घरांना २० मिनिटं म्हणजे १४ तास. कुणीही करू शकणार नाही, करतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सगळ्यात खालच्या गटातली सहा मुलं घ्या, आठवड्याला दोन तास. फोन स्पीकरवर, आई आणि पोरगं दोघं समोर. आधी एक उदाहरण द्यायचं आणि सोडवताना मोठ्याने बोलायला लावायचं. बरोबर आलं तर पुढची पायरी, चुकलं तर मागची, आणि शेवटी आईला एक काम : "उद्या विड्या मोजताना याला पंचवीस-पंचवीसचे ढीग करायला लावा, चार ढीग किती ते विचारा."

---

दुभाषी

आकडेमोड, शेवटचं उदाहरण बदला. पोराला विडीच्या सुपापाशी बसवायचा निरोप शाळेकडून जायला नको. सप्टेंबरात हे वाक्य गेलं की ऑक्टोबरात ते पोरगं शाळेऐवजी पानं कापताना दिसेल. शेंगा मोजायला सांगा.

---

आकडेमोड

मान्य. शेंगाच.

---

शंकेखोर_अक्कलकोटरोड

सगळं ठीक, पण हे अभ्यास फिलाडेल्फियाचे. मॅडमच्या वर्गात चाललं की नाही ते कसं कळणार? निम्म्या वर्गाला संदेश, निम्म्याला नाही, आणि सहामाहीला गुण बघायचे, असं चालेल का?

---

आकडेमोड

चालणार नाही, दोन कारणांनी. एक, भावंडं आणि शेजारी : एका घरचा निरोप दुसऱ्या घरी पोचतो. दोन, २१ विरुद्ध २१ एवढ्यावर साधारण ०.८ पेक्षा लहान फरक भरवशाने पकडता येत नाही, आणि वर ज्याला चांगला निकाल म्हटलं तो ०.३७ आहे. संदेश उपयोगी असूनही "फरक पडला नाही" असं दिसेल आणि व्यवस्थापन पुन्हा ॲपकडे जाईल.

एका वर्गात मोजता येतं ते आधीच्या पायरीचं. संदेश पोचला का (दोन खुणा). ऐकला का (आवाजी संदेशाच्या माइकचं चिन्ह निळं होतं). शनिवारी किती वह्या आल्या. आणि दर सहा आठवड्यांनी तीच असरची पट्टी, शक्यतो शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांनी घेतलेली, कारण आपल्या पोराला आपण नकळत अर्धा गुण देतो.

हजेरी मोजताना नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो तो आठवडा आणि संक्रांतीच्या गड्ड्याचे दिवस वेगळे काढा. जानेवारीची हजेरी घसरली म्हणून संदेश फुकट गेले असं अनुमान काढू नका. त्या दिवसांत गैरहजेरीचा संदेशही पाठवू नका, घरात पाहुणे असतात.

---

पूर्वभाग_सहावी

समजलं. ॲपला नकार कळवते, सकाळच्या ४० मिनिटांचा प्रस्ताव देते. पहिला संदेश असा लिहिलाय, बघून सांगा :

"सन्माननीय पालक, आपल्या पाल्याची गणितातील प्रगती समाधानकारक नसून कृपया घरी लक्ष द्यावे. तसेच उपस्थिती नियमित ठेवावी."

---

कारकून_निवृत्त

"सन्माननीय" ते "ठेवावी" सगळं काढा. रात्री पावणेनऊला, तुमच्या आवाजात :

"नमस्कार, मी श्रावणीच्या वर्गाची बाई बोलते. श्रावणीला हातच्याची वजाबाकी अडते. आज वहीत तीन उदाहरणं दिलीत. ती सोडवताना मोठ्याने बोलायला सांगा, तुम्ही फक्त ऐका. वही उद्या बघते."

बोलून बघा, सावकाश म्हटलं तरी २५ सेकंदांत बसतं. गैरहजेरीचं पुढच्या आठवड्यात.